वाट वाकडी

मी मुळात पाट्या रंगवणारा. संगमनेरला
'येथे दळण दळून मिळेल'पासून 'उधारी बंद'पर्यंत
निम्मा बाजार या हातानं लिहिलाय.
इथे, हैमाच्या अलीकडे, घाफच्या राईत
अक्षरं नकोत म्हणाले.
तीनच चित्रं काढ:
चालणाऱ्याचं पाऊल,
सायकलचं चाक
आणि उंट.

नियम सुलैम अल-जनैबीनं सांगितला,
वाळूत काठीनं आखून.
चाकानं पावलाला वाट द्यायची.
दोघांनी उंटाला.
आणि उंटानं?
सुलैम हसला.
त्याला पाटी वाचता येत नाही.

घाफ म्हणजे आपली शमीच.
पहिल्या दिवशी ओळखली नाही.
काट्यानं शर्ट धरून ठेवला, तेव्हा ओळखली.
गावी दसऱ्याला हिच्यापर्यंत जायचं, वेशीबाहेर,
पाला तोडायचा, परत फिरायचं:
झालं सीमोल्लंघन.
मी परत फिरलो नाही, एवढाच फरक.
अकरा वर्षं.

सतराव्या खांबाचा खड्डा तिलक बहादूर खणत होता.
हातभर वाळू, मग पहार खण्णकन वाजली.
फुंकर घातली तर खाली फरशी,
घासून घासून गुळगुळीत,
आणि तिच्यावर ओरखडे,
शेकडो, सगळे एकाच दिशेनं,
कुणी जड कपाट
न उचलता फरफटत नेल्यासारखे.

तेल कंपनीतल्या वैजयंतीबाई दुपारी आल्या.
टोपी, भिंग, पाण्याची बाटली.
सरळ पालथ्या पडल्या फरशीवर.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग मान वळवून, मराठीतच:
"बर्फ."
तीस कोटी वर्षांपूर्वी इथून हिमनदी गेली म्हणे,
पोटाखाली दगड धरून, रांगत,
वर्षाला वीतभर, कधी हातभर.
घाई नव्हती तिला.

मी गाडीतला आकडा बघितला. चव्वेचाळीस.
तिलकनं फरशीवर पंजा ठेवला.
त्याच्या गावावर आहे तसलं एक धूड,
रात्री कुरकुरतं, म्हणाला,
आजी म्हणायची कूस बदलतंय.
चटका बसत असणार.
त्यानं हात काढला नाही.

आता खांब कुठे?
नकाशात वाट सरळ होती,
मस्कतहून आलेली, शिक्क्यासकट.
सुलैमनं नकाशा गुंडाळून काखेत मारला,
शमीच्या बाजूनं दहा पावलं चालला
आणि टाच रोवली: इथून.
माणसं म्हणतात ना,
कधीतरी वाट वाकडी करून या आमच्याकडे.
आम्ही केली.
जो केव्हाच वितळून गेला
त्यालाही वाट दिली.

चौथं चित्र काढू का, मी विचारलं.
कसलं?
बर्फाचं.
सुलैमनं डब्यात डोकावून पाहिलं.
पांढरा पुरणार आहे का तेवढा?
नव्हता पुरणार.

शुक्रवारी, उजाडता उजाडता, पहिली माणसं आली.
हेल्मेटखाली रुमाल घट्ट बांधलेली एक मुलगी सायकलवर,
मागून दोघे म्हातारे, मणी ओढत,
सलालाच्या पावसाची भांडणं भांडत.
आणि वळणावर उंटीण.
फरशीवर चारी पाय रोवून उभी,
ओठांनी काटे चाचपत शमीचा पाला ओरबाडतेय.

सगळे थांबले.
मुलीनं एक पाय टेकला.
म्हातारे गप्प झाले.
घंटी कुणी वाजवली नाही.
मीही थांबलो, ब्रश उलटा धरून,
थेंब मनगटावरून कोपरापर्यंत येऊ देत.
खाली ते ओरखडे,
वर तिचे मऊ, रुंद तळवे,
त्यांची एवढीशी खूण उठत नव्हती.

पोट भरल्यावर तिनं सतराव्या खांबाला
अंग घासलं, सावकाश, दोनदा,
आणि चालू लागली.
वाटेनं नाही.
ओरखडे जातात तिकडे,
कुशीवर माझं ओलं, निळं
अर्धं चाक घेऊन.